थरथरता हात

गेल्या दिवाळीपूर्वी घराची आवराआवर चालली असताना माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली उतरली. आत मळकट लाल रुमालात बांधलेले आजोबांचे कागद होते. जमाखर्चाच्या दोन वह्या, काही पावत्या, आणि त्यांच्या थोरल्या बंधूंनी त्यांना वेळोवेळी पाठविलेली चाळीस-एक पत्रे. सारा मजकूर मोडीत. मी मराठीचा एम. ए.; उभी हयात मुलांना मराठी शिकविण्यात गेली; जुन्या पोथ्यांतील पाठभेदांवर चार लोकांत बोलण्याचे धाडसही अधूनमधून करतो. आणि माझ्याच घराण्यातले, माझ्याच भाषेतले पत्र हाती धरून मी निरक्षरासारखा बसून होतो. "बाबा, काय लिहिलंय?" असे धाकटीने विचारले, तेव्हा माथ्यावरच्या 'श्री'पलीकडे मला काही सांगता येईना.

त्या रात्री मला राहून राहून आठवण झाली ती इंग्लंडातील वुस्टर येथील एका माणसाची. तो होऊन गेल्याला आठशे वर्षे होत आली. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. तो बहुधा तेथील मठातील साधू असावा. त्याची ओळख उरली आहे ती केवळ त्याच्या अक्षरावरून. ते अक्षर डावीकडे झुकलेले असून त्याची प्रत्येक उभी रेघ कापत कापत खाली उतरलेली आहे. अभ्यासकांनी त्याला नावही तेच दिले आहे, 'वुस्टरचा थरथरता हात'. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात चॉसर आणि शेक्सपिअर ह्यांना जे स्थान आहे त्याच्या शतांशानेही ह्या बापड्याला नाही. पण मला विचाराल तर त्या इतिहासातील पहिल्या सात-आठशे वर्षांची सारी व्यथा ह्या एका माणसाच्या समासात सापडते. म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी.

तो काय वाचीत होता हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. पाचव्या शतकात रोमन फौजा ब्रिटनमधून निघून गेल्यावर समुद्रापलीकडून अँगल, सॅक्सन, ज्यूट ह्या टोळ्या येऊन वसल्या. त्यांची जी बोली, तीच पुढे इंग्रजी झाली. इ. स. ५९७ मध्ये पोपने पाठविलेले धर्मोपदेशक केंट प्रांतात उतरले आणि त्यांच्याबरोबर रोमन लिपी व लॅटिन विद्या आली. अवघ्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ह्या आडबाजूच्या बेटावर अशी विद्वत्ता फुलली की जॅरो येथील बीड नावाच्या साधूने (आपले मराठवाड्यातील बीड नव्हे!) ७३१ मध्ये आपल्या लोकांचा जो धार्मिक इतिहास लॅटिनमध्ये पुरा केला, त्यावाचून त्या काळचे आजही पान हलत नाही. पुढे ७९३ मध्ये उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंनी लिंडिसफार्नच्या मठावर धाड घातली, आणि त्यानंतर शंभर वर्षे मठ जळत राहिले. मठ जळाला म्हणजे शाळा जळाली आणि ग्रंथालयही जळाले. त्या काळी ही तीन ठिकाणे वेगळी नव्हती.

ह्या पडझडीतून जो राजा उभा राहिला तो वेसेक्सचा आल्फ्रेड. तो ८७१ मध्ये गादीवर आला. ८७८ च्या हिवाळ्यात डेन लोकांनी त्याला असे गाठले की राज्य सोडून तो ॲथेल्नीच्या दलदलीत दडून बसला; त्याच वर्षी बाहेर पडून एडिंग्टनच्या लढाईत त्याने गुथ्रमला नमविले. भाकरी करपविल्याची जी गोष्ट मुलांच्या पुस्तकांत असते ती ह्याच दलदलीतल्या दिवसांची. ती पुष्कळ नंतर रचलेली असल्याने आपण तिच्यावर फार वेळ घालवू नये. मला मोह पडतो तो पुढच्या आल्फ्रेडचा. लढाया आटोपल्यावर ह्या राजाने, वयाच्या चाळिशीच्या आसपास, लॅटिन शिकून भाषांतराचे काम हाती घेतले.

पोप ग्रेगरीने धर्मगुरूंच्या कर्तव्यांवर लिहिलेला एक ग्रंथ त्याने, काही विद्वानांना हाताशी धरून, इंग्रजीत आणला आणि त्याची प्रत राज्यातील एकेका बिशपाकडे पाठविली. प्रतीसोबत त्याने आपले पत्र जोडले आहे. त्या पत्रातील कळकळ पाहावी. मी गादीवर आलो तेव्हा टेम्स नदीच्या दक्षिणेस लॅटिन पत्राचे इंग्रजी करू शकेल असा एकही माणूस मला आठवत नाही, असे तो लिहितो. मठ जळण्यापूर्वीचे दिवसही त्याला आठवतात. तेव्हा देवळे ग्रंथांनी भरलेली होती, पण सेवकवर्गाला त्यांचा काडीइतका उपयोग नव्हता, कारण ते ग्रंथ त्यांच्या भाषेत नव्हते. म्हणून त्याचा बेत असा की, सर्वांना ठाऊक असणे अत्यंत अवश्य अशी काही पुस्तके इंग्रजीत आणावीत, आणि ज्यांना ऐपत आहे अशा स्वतंत्र कुळांतील मुलांनी दुसऱ्या कामाजोगे होईपर्यंत निदान इंग्रजी वाचण्यास शिकावे. लॅटिन पुढे ज्याला हवे त्याने शिकावे. नवव्या शतकात, युरोपात लॅटिनशिवाय विद्या नाही असे मानले जात असताना, राजाच्या तोंडी हे बोल आहेत! प्रत्येक प्रतीबरोबर त्याने पन्नास सुवर्णमोलाची एक वाचनकांडी पाठविली. ओळीखाली धरून वाचावयाची. १६९३ मध्ये सॉमरसेट भागात सापडलेला आणि सध्या ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात असलेला आल्फ्रेडच्या नावाचा सोन्याचा अलंकार हा अशाच एखाद्या कांडीची मूठ असावा, असे पुष्कळांचे मत आहे.

ह्या ग्रंथाची एक प्रत वुस्टरचा बिशप वेरफर्थ ह्याच्या नावे गेली. ती प्रत आजही आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. तिचे नाव ध्यानात असू द्यावे, कारण आपल्या गोष्टीतील दोन टोके तिच्यात एकत्र बांधलेली आहेत.

आल्फ्रेडने लावलेले रोप पुढील शंभर वर्षांत चांगले वाढले. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाचा एक मठवासी शिक्षक होऊन गेला. तो पुढे एन्शॅम येथील मठाचा प्रमुख झाला. शिक्षकी पेशातील माणूस म्हणून माझा ह्याच्यावर विशेष जीव आहे. त्याने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले. युरोपातील कोणत्याही लोकभाषेतून लिहिलेले हे पहिले लॅटिन व्याकरण मानले जाते. 'व्याकरण' ह्या लॅटिन संज्ञेला त्याने घरचा शब्द योजला, त्याचा अर्थ 'अक्षरकौशल्य'. ग्रंथालयाला त्या काळचा शब्द 'पुस्तकांचा खजिना' अशा अर्थाचा होता, ज्योतिषाला 'तारकाकौशल्य'. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला त्याची येथे कुणालाही आठवण व्हावी; फरक इतकाच की त्यांनी फारसीची जागा संस्कृतला दिली आणि ह्यांनी लॅटिनची जागा घरच्या बोलीला.

एल्फ्रिकचा लॅटिन संभाषणाचा एक पाठ तर मोठा गमतीचा आहे. वर्गातील मुले निरनिराळ्या व्यावसायिकांची सोंगे घेतात. एक नांगऱ्या होतो, एक गुराखी, एक कोळी, एक चांभार, एक आचारी. गुरुजी प्रत्येकाला त्याचे काम विचारतात. नांगऱ्या झालेला मुलगा थंडीवाऱ्यात पहाटे उठण्याचे हाल सांगून शेवटी म्हणतो की कष्ट भारी आहेत, कारण मी स्वतंत्र माणूस नाही. कोळ्याला देवमाशाची शिकार करशील का असे विचारले, तर तो जिवाचा धोका सांगून साफ नकार देतो. लॅटिन शिकविण्याच्या निमित्ताने त्या काळच्या खेड्याचे असे चित्र दुसरीकडे फारसे मिळत नाही. कोणा शिक्षकाने लॅटिन ओळींच्या वर बारीक अक्षरांत इंग्रजी अर्थ लिहून ठेवले आहेत. वर्गात घाई झाली म्हणजे आपण पुस्तकात पेन्सिलीने लिहितो, तसे.

येथवर सारे चढते आहे. मग आले १०६६. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ इंग्रजांचा राजा हॅरल्ड पडला आणि नाताळच्या दिवशी नॉर्मंडीच्या विल्यमने वेस्टमिन्स्टर येथे मुकुट धारण केला. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्याने देशातील जमिनीची जी प्रचंड पाहणी करविली तीत मोठ्या जमीनदारांमध्ये जुन्या इंग्रज घराण्यांतील माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बिशप बदलले, मठप्रमुख बदलले. दरबार फ्रेंच बोलू लागला, दप्तर लॅटिन लिहू लागले.

भाषेचे काय होते ते अशा वेळी पाहण्यासारखे असते. इंग्रजी बोलण्यावर कोणी बंदी घातली नव्हती. शेतात, चुलीपाशी, बाजारात ती चालूच होती. गोठ्यातील आणि कळपातील जनावरांची नावे आजच्या इंग्रजीतही जुन्या बोलीची, आणि तीच जनावरे शिजून धन्याच्या ताटात गेली म्हणजे नावे फ्रेंच, हे सर वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅन्हो' कादंबरीत (१८१९) मांडल्यापासून जगाला ठाऊक आहे. आपण बाजारात 'मटन' म्हणतो तेव्हा आपण त्या नॉर्मन जेवणाच्या टेबलावरचाच शब्द बोलत असतो, ही गोष्ट मुलांना सांगितली की वर्ग खुश होतो. पण इंग्रजीने जे गमावले ते अधिक नाजूक होते. तिने शाळा गमावली. आल्फ्रेड-एल्फ्रिकच्या काळात देशभर बहुतेक एकाच वळणाने लिहिली जाणारी जी ग्रांथिक भाषा तयार झाली होती, ती शिकविणारे कोणी उरले नाही. शिकविणारा नाही म्हटल्यावर लेखनाचे वळण मोडले. ज्याने त्याने आपल्या कानाला येईल तसे लिहावे असे झाले. शब्दांचे प्रत्यय झडले. 'सैन्य' आणि 'लोक' ह्यांसारख्या अर्थांचे कितीतरी जुने शब्द विरून गेले. काही अक्षरेही मागे पडू लागली. पीटरबरो येथील साधूंनी इतिवृत्त इंग्रजीत नोंदण्याचा परिपाठ सर्वांत अधिक काळ टिकविला. त्यांची शेवटची नोंद ११५४ ची आहे. त्यानंतर लेखणी थांबली.

वुस्टर मात्र ह्या पडझडीत काही काळ बेटासारखे तगून राहिले, आणि त्याचे श्रेय एका माणसाला आहे. वुल्फस्टन हा १०६२ मध्ये तेथील बिशप झाला. नॉर्मन राजवटीत एकामागून एक इंग्रज बिशप गेले, पण हा १०९५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, आपल्या आसनावर राहिला. अखेरच्या काळात इंग्रज वंशाचा तो एकटाच बिशप उरला होता. ब्रिस्टल बंदरातून माणसे गुलाम म्हणून आयर्लंडला विकण्याचा धंदा चालत असे, तो त्याने तेथे पुनःपुन्हा जाऊन, लोकांच्या भाषेत उपदेश करून बंद पाडला. त्याच्या मठात इंग्रजी ग्रंथांच्या नकला होत राहिल्या. त्याचा शिष्य कोलमन ह्याने त्याचे चरित्रही इंग्रजीत लिहिले. ते आज नाही. मॉम्झबरीच्या विल्यमने त्याचे लॅटिन रूपांतर केले म्हणून त्यातला मजकूर आपल्याला कळतो. मूळ पुस्तक हरवले. वाचणारे नसले की पुस्तक असेच जाते.

आता आपल्या थरथरत्या हाताकडे येऊ. काळ तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. वुल्फस्टनला १२०३ मध्ये संतपद मिळाले आहे. नॉर्मंडी गमावलेला राजा जॉन १२१६ मध्ये वारला आणि त्याच वुस्टरच्या देवळात पुरला गेला आहे. मठाच्या ग्रंथसंग्रहात इंग्रजी पोथ्या रांगेने आहेत आणि त्यांना कोणी हात लावीत नाही. हा माणूस त्या पोथ्या एकेक करून उघडतो. तो इंग्रज आहे, इंग्रजी बोलतो. पण दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे हे इंग्रजी त्याला अडते. शब्द ओळखीचा वाटतो आणि हातातून निसटतो. मग तो काय करतो? जेथे त्या ग्रंथाचे लॅटिन मूळ उपलब्ध आहे तेथे दोन्ही शेजारी ठेवून ओळीशी ओळ ताडून पाहतो, आणि अर्थ लागला की इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर लॅटिन शब्द लिहितो. कधी आपल्या काळचा इंग्रजी शब्दही लिहितो. अशा वीसएक पोथ्यांमध्ये मिळून त्याने केलेल्या नोंदी सुमारे पन्नास हजार भरतात.

पन्नास हजार! कापणाऱ्या हाताने.

ह्या कामाचा बारकाईने अभ्यास क्रिस्टीन फ्रँझन ह्या विदुषींनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते की त्याचे ज्ञान आयते नव्हते. ते करता करता वाढत गेले. तो त्याच त्या पोथ्यांकडे पुनःपुन्हा परत आला आहे, निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या शाईने. हाताच्या कंपाविषयी २०१५ मध्ये 'ब्रेन' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. एक मध्ययुगाच्या अभ्यासक आणि एक मेंदूविकारतज्ज्ञ अशा दोघींनी मिळून त्याच्या अक्षराची तपासणी केली होती. त्यांचा निष्कर्ष असा: वयपरत्वे वाढणारा, क्रियेच्या वेळी होणारा जो साधा कंप असतो, तो हा असावा. थोडी विश्रांती मिळाली म्हणजे त्याची अक्षरे काहीशी सुधारतात हेही त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे एवढे अंतर असूनही आपल्याला दिसते की येथे तो थांबला, हात खाली ठेवला, आणि मग पुन्हा बसला.

आणि आता ती प्रत आठवा. आल्फ्रेडने वेरफर्थला पाठविलेली ग्रंथाची प्रत ह्या काळातही वुस्टरलाच होती, आणि तिच्यातही ह्या कापऱ्या अक्षराच्या नोंदी आहेत. राजाने तो ग्रंथ इंग्रजीत का आणला? लॅटिन कोणाला समजेनासे झाले होते म्हणून. साडेतीनशे वर्षांनंतर ह्या माणसाने त्याच ग्रंथाच्या ओळींवर लॅटिन का लिहिले? इंग्रजी कोणाला समजेनासे झाले होते म्हणून. एकाच चर्मपत्रावर ही दोन्ही संकटे एकमेकांच्या डोक्यावर लिहिलेली आहेत. मला तर हे वाचल्यावर काही वेळ पुढे वाचवलेच नाही.

तो हे सारे कशासाठी करीत होता, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. काहींच्या मते, १२१५ च्या धर्मपरिषदेने प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या पापांची कबुली दिली पाहिजे असे ठरविल्यावर लोकांशी लोकांच्या भाषेत बोलण्याची गरज वाढली. तेव्हा जुनी इंग्रजी प्रवचने पुन्हा उपयोगात आणावीत हा त्याचा हेतू. काहींना त्यात निव्वळ जुन्याची ओढ दिसते. माझ्या मते दोन्ही खरे असण्यास हरकत नाही. ओढ असल्यावाचून कोणी पन्नास हजार शब्द लिहीत नाही, आणि उपयोग दिसल्यावाचून मठाने शाई दिली नसती.

त्याची ओढ कोणत्या जातीची होती हे एका गोष्टीवरून मात्र कळते. नुसते टिपण करून तो थांबला नाही; काही मजकुराच्या त्याने आपल्या हाताने नकला केल्या. त्यांत एल्फ्रिकचे व्याकरण आहे. त्याच पुस्तकात एक छोटे इंग्रजी काव्य आहे. ते त्याने स्वतः रचले की कोठून उतरविले हे सांगता येत नाही. त्यात बीडपासून आरंभ करून एकेका जुन्या आचार्याचे नाव घेतले आहे. ह्यांनी आमच्या लोकांना इंग्रजीत शिकविले, असे कवी म्हणतो, आणि आता ती विद्या टाकून दिली गेली, लोक अनाथ झाले, दुसरेच लोक आम्हांस शिकवितात, अशी खंत करतो. नावे घेता घेता त्याच्या हातून एक चूक झाली आहे. एल्फ्रिक म्हणजेच ज्याला आम्ही आल्क्विन म्हणतो तो, असे त्याने म्हटले आहे. वस्तुतः आल्क्विन हा आठव्या शतकातील वेगळाच विद्वान. एल्फ्रिकच्या दोनशे वर्षे आधीचा. ज्यांच्यासाठी रडावयाचे त्यांचीच नावे एकमेकांत मिसळून गेली होती. एखाद्या परीक्षकाने येथे लाल शाईची रेघ मारली असती. मला मात्र त्या चुकीने ते काव्य अधिक खरे वाटते.

त्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मागील काळात केव्हातरी कोणी त्याची पाने कापली, एकमेकांवर चिकटविली आणि दुसऱ्या एका पुस्तकाच्या बांधणीचा पुठ्ठा केला. एकोणिसाव्या शतकात सर टॉमस फिलिप्स ह्या ग्रंथवेड्या गृहस्थांनी तो पुठ्ठा सोडविला तेव्हा आतून ही पाने निघाली. आमच्या इंदुराकडेही जुन्या वाड्यांच्या विक्रीत रद्दीच्या भावाने दप्तरे गेल्याच्या कथा मी ऐकल्या आहेत. त्यांचे पुठ्ठे झाले असतील तर ते सोडविणारा कोणी फिलिप्स येथे यावयाचा आहे.

तथापि कोणी असे समजू नये की तेराव्या शतकात इंग्रजीत लिहिणे संपले होते. वुस्टरहून फार दूर नाही अशा एका नदीकाठच्या गावी, त्याच सुमारास, लायमन नावाच्या पाद्र्याने ब्रिटनच्या राजांची सोळा हजार ओळींची गाथा इंग्रजीत रचली, आणि तीही फ्रेंच शब्द जवळजवळ न वापरता. एकांतवास पत्करलेल्या तीन बहिणींसाठी कोणा अनामिकाने लिहिलेला इंग्रजी नियमग्रंथ त्याच भागातला, आणि त्याचे गद्य आजही जाणकार वाखाणतात. त्याही आधीचा ऑर्म नावाचा एक साधू तर शुद्धलेखनाच्या बाबतीत माझाही गुरू शोभेल; त्याच्याविषयी पुढे बोलूच. सांगावयाचे ते इतकेच की नवे इंग्रजी आपल्या वाटेने चालत होते; मागच्याशी असलेला सांधा तेवढा निखळला होता, आणि तो सांधा धरून एक म्हातारा एकटा बसला होता.

आपल्याकडे ह्याला एक जवळचे उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास. ह्या वुस्टरकराच्या मागून अवघ्या दोन-तीन पिढ्यांनी. पुढे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतकी भर पडली आणि इतके शब्द बदलले की एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, निरनिराळ्या प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. पण नाथांच्या मागे वाचणारा, ऐकणारा, पारायण करणारा समाज उभा होता. शब्द जुना झाला तरी ओवी कानात होती. वुस्टरला कान नव्हते. पोथी होती आणि एक हात होता.

तो हात वाया गेला नाही. १५४० च्या सुमारास इंग्लंडातील मठ मोडले गेले आणि त्यांचे ग्रंथ वाऱ्यावर पडले. पुढे मॅथ्यू पार्कर हे १५५९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले. त्यांनी जुन्या इंग्रजी पोथ्या शोधून जमविल्या. ती भाषा तेव्हा जवळजवळ कोणालाच येत नव्हती. कोश नाही, व्याकरण नाही, गुरू नाही. पार्करचे लेखनिक जॉन जॉस्लिन ह्यांनी तिचा कोश रचावयास घेतला, तेव्हा त्यांना हाताशी सापडले ते वुस्टरच्या पोथ्यांतील ओळींवर लिहिलेले कापरे लॅटिन शब्द. त्यांच्या आधाराने त्यांनी आपली यादी वाढविली. म्हणजे आज जगातील विद्यापीठांतून जुने इंग्रजी जे शिकविले जाते, त्याच्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक ह्या अनामिकाने घालून ठेवली होती. अर्थात हे त्याला कळण्याचे कारण नव्हते.

असो. माझ्या पेटीविषयी सांगावयाचे राहिले. मोडीची एक जुनी बाराखडी मी मिळविली आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास बसू लागलो. ज्यांनी हा उद्योग केला आहे त्यांना त्यातील अडचणी माहीत आहेत. आधी सरळ रेघ ओढून तिला अक्षरे लटकवावयाची, शब्दांत अंतर ठेवावयाचे नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळावयाचे नाही. ऱ्हस्व-दीर्घावरून मी आजवर किती मुलांचे गुण कापले ते आठवून संकोच वाटला. पत्रात ज्या ठरलेल्या ओळी असतात, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, क्षेमकुशल, त्या प्रथम लागल्या. त्या माझ्या जॉस्लिन झाल्या म्हणा ना! पाठ असलेल्या ओळींवरून अक्षरे ओळखावयाची आणि त्या अक्षरांवरून पाठ नसलेल्या ओळी फोडावयाच्या. कागदाच्या माथ्यावर मी पेन्सिलीने बाळबोधीत शब्द लिहीत जातो. मूळ कागदावर नव्हे, त्याच्या झेरॉक्स प्रतीवर. वुस्टरकराइतका धीटपणा माझ्यात नाही.

दोन महिन्यांत एक पत्र शेवटपर्यंत लागले. तूप पाठविले आहे, पोहोचल्याचे कळवावे. आंब्याचे झाड यंदा मोहरले नाही. वाटणीचे बोलणे समोरासमोर करू, कागदावर नको. धाकटी बसली होती. तिने पणजोबांच्या घरचे आंब्याचे झाड कोठे होते म्हणून विचारले, आणि ते मला सांगता आले नाही. माझ्या वडिलांना आले असते.

दुसऱ्या पत्रात आईच्या प्रकृतीचा मजकूर आहे. आईची प्रकृती आता, आणि पुढचा शब्द नेमका घडीवर आला आहे. तीन अक्षरे असावीत. पहिले 'ब' की 'व' हे ठरत नाही, तिसरे झिजून गेले आहे. गेले पंधरा दिवस मी त्यावर पेन्सिलीने काही लिहिलेले नाही. तिसरे पत्र त्यानंतरच्या महिन्याचे दिसते. ते लागले म्हणजे कळेल.

पुढील अंकी ऑर्म, त्याची जोडाक्षरे आणि त्याचे शुद्धलेखन.